माझ्या वतीनं

आक्का,

रविवारी चर्चमध्ये बाप्तिस्मा होता, आणि पाणी गार होतं.

तुला माती देऊन आठवडाही झाला नव्हता. पाळकसाहेबांनी लेकराला हातावर घेतलं, भांड्यात बोटं बुडवून टाळूला लावली, आणि ते पोर असं किंचाळलं की मागच्या बाकांवरची म्हातारी माणसं दचकली. मग एकेक करत सगळ्या मंडळीची नजर खिडकीजवळच्या तुझ्या जागेकडं वळली. आजवर आपल्याकडं बाप्तिस्म्याचं पाणी कोमट का असायचं, हे बऱ्याच जणांना त्या दिवशी कळलं. घरून तांब्यात पाणी गरम करून, टॉवेलात गुंडाळून, रिक्षात मांडीवर धरून तू आणायचीस. भांड्यात ओतण्याआधी कोपर लावून बघायचीस. पूर्वीच्या एका पाळकसाहेबांनी, "सुशीलाबाई, याची खरंच गरज आहे का?" म्हणून विचारलं होतं. तू सगळ्यांसमोर म्हणालीस, "लेकराच्या टाळूवर गार पाणी ओतून देवाची ओळख करून द्यायची व्हय, साहेब?"

तुझी भावजय रत्ना माझ्या शेजारी पदर तोंडाला लावून रडत होती. मी रडलो नाही. तुझ्या मातीच्या दिवशीही रडलो नाही. लोकांना वाटलं, शमुवेल गुरुजी धीराचे आहेत. धीर कसला. मी तुझ्यावर रागावलो होतो, आणि अजून आहे.

मंडळीच्या मासिकाच्या अंकासाठी तुझ्यावर चार शब्द लिहा, असं पाळकसाहेब म्हणाले. जन्म, शिक्षण, कन्याशाळेत शिवणबाई म्हणून नोकरी, लवकर आलेलं वैधव्य, भगिनी मंडळातली सेवा. ते दुसरं कुणीही लिहील. मी तुझा धाकटा भाऊ, मला तुझ्याशी भांडायचं आहे. आयुष्यभर मी गप्प बसून तुझ्याशी भांडणं जिंकली. 'शमू बोलंना म्हंजे रुसलाय' हे ओळखून तूच हरायचीस, नि गरम काहीतरी ताटात वाढायचीस. आता तू गप्प झालीस. म्हणजे मला बोलणं आलं.

बाप्तिस्मा झाला की उरलेलं पाणी तू तांब्यातून घरी न्यायचीस आणि त्याचा चहा करायचीस. त्या दिवशी पहिल्यांदा दारात येईल त्याला तो चहा. कधी सिलिंडरवाला, कधी तुझ्याशी नळावरून भांडणारी शेजारीण. मला ते बरं वाटायचं नाही. "आक्का, त्या पाण्यावर प्रार्थना झालेली असते," मी म्हणायचो.

"व्हय की. मग गटारात ओतू? चहा केला तर प्रार्थना कुणाच्या पोटात तरी जाईल."

आणि साखर जरा जास्तच टाकायचीस.

आम्ही सगळेच दर बाप्तिस्म्याला उभे राहतो. या लेकराला हात द्याल का, असं पाळकसाहेब विचारतात आणि मंडळी म्हणते, होय, देवाच्या साह्यानं. मग आम्ही घरी जाऊन मटण खातो आणि झोपतो. तू मात्र ते 'होय' सोमवारी सकाळी बरोबर घेऊन बाहेर पडायचीस. पदराला दोरा ओवलेली सुई, किल्ल्यांच्या जुडग्याला नेलकटर. एसटीत शेजारी बसलेल्या परक्या माणसाचं लोंबतं बटण तुला बघवायचं नाही. "पावणं, जरा हलू नगा," म्हणून तू ते चालत्या गाडीत शिवायचीस. सरकारी दवाखान्यात ज्यांचं कुणी नाही त्यांची नखं कापत बसायचीस. मी एकदा चिडून विचारलं होतं, नखंच का? तर म्हणालीस, "जेवण समदी देत्यात, शमू. नखं कोण बघतंय? वाढल्याली नखं म्हंजे ह्या माणसाला कोण न्हाय, असं कपाळावर लिवल्यागत दिसतंय."

आपलं एक भांडण मात्र कधीच मिटलं नाही. मला तान्ह्या लेकरांचा बाप्तिस्मा पटायचा नाही. ज्याला बोलता येत नाही, ज्याला काही कळत नाही, त्याच्या वतीनं दुसऱ्यानं उभं राहून वचन द्यायचं, हे कसलं वचन? भूगोलाच्या मास्तराला असे प्रश्न पडतात. तुझ्या स्वयंपाकघरात त्या चहावरच एकदा हा विषय निघाला. तू गाळणी आपटून म्हणालीस, "आरं, त्याला बोलता येईस्तोवर कुणीतरी म्हणाया नको? तुझ्या बाप्तिस्म्याला आई तापानं पडलीती. मी शाळकरी पोरगी, तुला मीच धरलंतं. मीच म्हणाले की व्हय. काय बिघडलं तुझं?"

"पण ते माझं वचन कसं?"

"तुझं न्हाईच ते. तुझं तू मोठं झाल्यावर म्हणायचं. त्यासाठीच तर दृढीकरण ठेवलंय की. तवर आपण नुसतं धरून ठेवायचं, कुणाच्या हातनं सांडू नये म्हणून."

मी हसलो होतो. त्यात मला पुढं एवढी मोठी थप्पड आहे, हे तेव्हा कळलं नाही.

मीही एकदा असं कुणाच्या वतीनं उभा राहिलो होतो. दौलत माझा जुना मित्र. त्याला मुलगा झाला तेव्हा त्यानं मला धर्मपिता केलं. आईबापांशेजारी उभं राहून, हे लेकरू माझंही, असं म्हणणारा माणूस. पाणी तूच आणलं होतंस. अभि रडलासुद्धा नाही. मी एरवी ओठांतल्या ओठांत बोलणारा, पण त्या दिवशीचं माझं 'होय' शेवटच्या बाकापर्यंत गेलं, असं दौलत पुढं कितीतरी वर्षं सगळ्यांना सांगायचा. अभि शाळेत असतानाच दौलत गेला. मग अभि निम्मा आमच्याच घरी वाढला. आमचा समीर आणि तो, दोघांना एकच ताट लागायचं.

पुढचं तुला सांगायला नको, पण हे वाचणाऱ्यांना सांगायला हवं. अभिच्या आजोळी, गडहिंग्लजला, लग्न होतं. दोघं मोटरसायकलवरून गेले. परत येताना कागल सोडल्यावर पुढं उसाची ट्रॉली होती, मागं दिवा नसलेली. अभि चालवत होता, समीर मागं बसला होता. आमचा समीर गेला. अभि वाचला; त्याचा उजवा हात खांद्यापासून लुळा पडला.

मी अभिला एक शब्द बोललो नाही. शिवी दिली नाही, शाप दिला नाही. नुसता बोललो नाही. दवाखान्यात गेलो नाही. त्याची आई त्याला घेऊन गडहिंग्लजला माहेरी राहायला गेली, तेव्हा निरोप द्यायला गेलो नाही. तू एकदाच विषय काढलास. मी म्हणालो, "आक्का, त्याचं नाव पुन्हा घेतलंस तर या घराची पायरी चढू नकोस." तू मान हलवलीस. तू पुन्हा कधी नाव घेतलं नाहीस. सहा-सात वर्षं मला वाटत राहिलं, या एका बाबतीत तरी माझी बहीण माझ्या बाजूची आहे.

त्याच सुमारास तू आंबोळ्या करायचं सोडलंस. समीरला तुझ्या आंबोळ्या फार आवडायच्या. मी कधी म्हटलंच, तर म्हणायचीस, "पीठ नीट फुगंना आता." मला वाटलं, वय झालं.

मातीच्या दिवशी तुझ्या कबरीवर सगळ्यांनी मूठमूठ माती टाकली. लोक पांगायला लागले, सलाम करून जायला लागले. आणि एक तरुण माझ्यासमोर येऊन उभा राहिला. उजवा हात बाहीत नुसता लोंबत होता. मला आधी तो दिसलाच नाही. मला शर्ट दिसला. निळ्या चौकटीचा. समीरचा.

समीरचे कपडे मी तुला दिले होते. तूच म्हणाली होतीस, "नुसतं कपाटात ठिवून काय करणार? गरजूला दे." मी गठ्ठा तुझ्या हातात ठेवला आणि वळूनही पाहिलं नाही. आता तो शर्ट खांद्यात थोडा वाढवलेला होता. ती शिवण कुणाची, हे मला सांगायला नको. तुझा टाका मी डोळे झाकून ओळखेन.

अभिनं डाव्या हातानं माझा हात धरला. "सलाम, काका," तो म्हणाला. "तुमी सगळं पाठवत होता म्हणून मी उभा राहिलो. तुमचा रेडिओ, तुमचं नकाशांचं पुस्तक, नाताळच्या करंज्या. आत्या दर खेपंला म्हणायच्या, शमूनं दिलंय."

आजूबाजूला माणसं उभी होती. त्यांच्या डोळ्यांत माझ्याबद्दल कौतुक दिसायला लागलं. मंडळीतले एक वडील तर म्हणालेसुद्धा, "गुरुजी, तुम्ही कधी बोलला नाहीत!" मी हात सोडवून घेतला आणि नळावर जाऊन उगाच धूत बसलो.

घरी आल्यावर रत्नाला विचारलं. ती मेथी निवडत होती. देठं मोडायचं न थांबवता म्हणाली, "मला माहीत होतं."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. महिन्यातल्या एका शनिवारी जायच्या आक्का. करंज्या मीच द्यायची डब्यात."

"तू समीरची आई आहेस, रत्ना."

"म्हणूनच दिल्या." मग ती थांबली. "मी एकदा तुम्हाला सांगणार होते. तुम्ही जेवताना मान वर करून बघितलं असतं तर सांगितलं असतं."

मला आधी वाटलं, तू निदान खोटं तरी बोललीस, आणि त्यावरून तुला धरता येईल. मग एकेक वस्तू आठवत गेलो. रेडिओ मी तुला दिला होता, 'देऊन टाक कुणाला तरी' म्हणून. नकाशांचं पुस्तक दिलं होतं, नवीन आवृत्ती आली तेव्हा. शर्ट दिला होता. करंज्या माझ्या घरच्या. शमूनं दिलंय. एक अक्षर खोटं नाही! आक्का, खोटं न बोलता फसवायचं कसं, हे तुझ्याकडून शिकावं. सगळ्या गावाशी तू सरळ वागलीस, आणि वाकडं तेवढं माझ्याशी.

आणि तुला वाटतं तसं हे करंज्यांचं भांडण नाही. माझ्याकडं एकच गोष्ट उरली होती, आणि ती माझी होती. त्या पोराला क्षमा करायची की नाही, कधी, कशी. तेवढी तरी माझ्या मालकीची राहू द्यायची होतीस. ती तू माझ्या खिशातून काढलीस आणि महिन्याच्या महिन्याला गडहिंग्लजला नेऊन वाटून आलीस. तुझी दया तुझी, आक्का, ती कुणालाही दे. माझी कशी दिलीस? मी काय पाळण्यातलं लेकरू होतो, माझ्या वतीनं होय म्हणायला?

हे वाक्य मनात आलं आणि मला तुझी आपटलेली गाळणी ऐकू आली. त्याला बोलता येईस्तोवर कुणीतरी म्हणाया नको? हेच करत होतीस ना तू. अभिच्या बाप्तिस्म्याला मी दिलेलं वचन मी टाकून दिलं, आणि तू ते उचलून धरून ठेवलंस. मला बोलता येईपर्यंत. मला त्याबद्दल तुझे आभार मानावेसे वाटायला हवेत, हे मला कळतं. मला तसं वाटत नाही. आपली बहीण आपल्याला इतकी वर्षं मुकं लेकरू समजत होती, आणि बायकोही, आणि आपण मात्र स्वतःला दुःखात ताठ उभा राहिलेला माणूस समजत होतो, हे काही आभार मानण्यासारखं नाही.

मी ठरवलं की अभिला खरं सांगायचं. मी काही पाठवलं नव्हतं, माझ्या मनात तुझ्यासाठी काही नाही. वचन असं माझ्या नावावर चालू ठेवायला मी तयार नव्हतो. काल शनिवार होता. तुझ्या घरातून निघताना खिळ्याला किल्ल्यांचा जुडगा दिसला. त्यातला नेलकटर मी का काढून घेतला, ते आता विचारू नकोस.

कागलवरून जाणारा तो रस्ता मी एवढी वर्षं टाळला होता. पुण्याच्या बाजूला जाणं झालं तर बरं वाटायचं. त्या बाजूला हा रस्ता लागत नाही. काल गाडी तिथून गेली आणि मी खिडकीतून बघितलं. तिथं काही नाही. एक टपरी, ऊस, आणि रस्ता. तू दर खेपेला इथून जायचीस, जाताना एकदा, येताना एकदा, आणि संध्याकाळी माझ्याकडं येऊन विचारायचीस, "काय रं, जेवलास का?"

अभिची आई दारातच होती. कर्नाटकाच्या सीमेकडची बाई. मला बघून तिनं हातातली केरसुणी खाली ठेवली. "या अण्णा," एवढंच म्हणाली, आणि तोंड फिरवून आत चहा टाकायला गेली.

अभि झेरॉक्सच्या दुकानातून घरी आला. मी त्याला बसूही दिलं नाही. "अभि, एक सांगायचंय. मी तुला कधी काही पाठवलं नव्हतं."

"ठाऊक हाय, काका."

"ठाऊक आहे?"

"तुमी काय करंज्या पाठवणारा माणूस हाय व्हय?" तो हसला, दौलतसारखा, एका गालानं. "आणि आत्यांचा टाका मला कळत न्हाय? शर्टाची बाही त्यांनी हितंच बसून बारीक केली. पण शर्ट समीरचा होता. तुमच्या घरातनं आला होता. मला तेवढं बास होतं."

"मग मातीच्या दिवशी सगळ्यांसमोर तसं का म्हणालास?"

तो खाली बसला, लुळा हात उचलून मांडीवर ठेवला. मग म्हणाला, "दुसरं काय म्हणून तुमचा हात धरू?"

मी पाठ करून आलेलं भाषण तिथंच संपलं.

त्यानंच पुढं सांगितलं. "एकदा मी आत्यांना विचारलंतं. काकांनी मला माफ केलं का? तर म्हणाल्या, बाकी समदं त्याच्या वतीनं करीन, पण हे न्हाय. हे त्याचं त्यानं म्हणायचं. त्यालाच इचार." आणि त्यानं माझ्याकडं पाहिलं. "म्हणून इचारतो, काका."

आक्का, मी तुझ्यावर जो आळ घेऊन तिथं गेलो होतो, तो असा तिथं गळून पडला. माझी क्षमा तू वाटली नव्हतीस. ती तेवढी तू झाकून जशीच्या तशी ठेवली होतीस. आणि आता ती उघडून द्यायची वेळ आली, तर माझ्या तोंडातून शब्द निघेना. होय नाही, नाहीसुद्धा नाही. मी त्याच्या मांडीवरच्या हातांकडं बघत राहिलो. लुळ्या हाताची नखं नीट कापलेली होती; ती त्यानं डाव्या हातानं कापली असणार. डाव्या हाताची वाढलेली होती. मला तोपर्यंत हे सुचलंच नव्हतं, की जो हात चालतो, त्याचीच नखं त्याला कापता येत नाहीत. या महिन्यात तू गेलीस, आणि ती तशीच राहिली.

आई कापू शकली असती. त्यानंच सांगितलं, तिला बारीक दिसत नाही आता. पण मला वाटतं, कुणीतरी येईल म्हणून त्यानं ती मुद्दाम ठेवली होती.

"हात इकडं कर," मी म्हणालो.

तुझा नेलकटर बोथट आहे. पहिल्याच बोटाला मी आत कापलं, रक्ताचा ठिपका आला. मी ओशाळलो. तो म्हणाला, "असू दे. आत्यांनी पण पैल्यांदा अस्संच कापलंतं." तुझा हात चुकला? दवाखान्यातल्या परक्या माणसांची नखं कापणारी तू?

आणि मग, त्याचं मधलं बोट माझ्या हातात असताना, तो आपणहून बोलला. इतक्या वर्षांत हे त्याला विचारणारा मीच एक असायला हवा होतो.

"समीर भूक लागली म्हणत होता. कागल आलं तवा मी म्हणालो, थांबू या, वडापाव खाऊ. तर म्हणाला, थांबू नको, आत्यानं आंबोळ्या केल्या असतील, गरम गरम. चल. आत्यांनी सकाळीच फोन करून सांगितलंतं, बाहेरचं खाऊ नका म्हणून. मग आम्ही थांबलो न्हाय."

मी विचारलं, "हे आक्काला माहीत होतं?"

"पैल्याच खेपंला मी सांगितलं. तर म्हणाल्या, हे शमूला मी सांगते. तू सांगू नको."

सांगितलं नाहीस.

खरी फसवणूक ही आहे, आक्का. करंज्या नव्हेत, शर्ट नव्हे. माझ्या पोराचे शेवटचे शब्द तुझ्याकडं होते. तो भुकेला होता, खुशीत होता, तुझ्या ताटाच्या ओढीनं येत होता, हे मला ऐकायला मिळालं असतं. मी रात्रंदिवस काय काय कल्पना करून मेलो. आणि तू रोज संध्याकाळी माझ्यासमोर बसून विचारायचीस, जेवलास का. आंबोळ्यांचं ते पातेलंभर पीठ तू त्या रात्री ओतून दिलं असशील, आणि पुन्हा भिजवलं नाहीस, आणि मला म्हणालीस, फुगंना.

तुला काय वाटलं, मी तुझ्याशीही बोलणं टाकीन? जसं अभिशी टाकलं तसं? होय, असंच वाटलं असणार. माझं बोलणं टाकणं तू जवळून पाहिलं होतंस. सगळ्या मंडळीला हात देणाऱ्या माझ्या बहिणीला तिच्याच भावापुढं हात पसरायची भीती वाटली, ती माझ्यामुळं. हे मला तू गेल्यावर असं कागदावर कबूल करावं लागतंय, आणि त्याचाही मला राग येतो, कारण तू ते मला तुझ्या स्वयंपाकघरात कबूल करू दिलं नाहीस.

विचारायचं होतंस, आक्का. तुला मी होय म्हणालो असतो. तुझं वाक्य पुरं व्हायच्या आत म्हणालो असतो. पीठ भिजवून पोराची वाट बघणं हा काय गुन्हा झाला? पोरांनी वाटेत न थांबता घरी लवकर यायला बघणं हा काय गुन्हा झाला?

हे मी मनात म्हणालो तेव्हा अभिची दोन बोटं राहिली होती. त्यातलं एक माझ्या चिमटीत होतं. मी ते तसंच धरून बसलो. त्यानं पुन्हा विचारलं नाही. आईनं चहा आणून ठेवला, त्यावर साय धरली. मग मी उरलेली दोन कापली, आणि वर्तमानपत्राच्या तुकड्यात सगळी नखं गोळा केली, तू करायचीस तशी.

निघताना त्यानं विचारलं, "काका, पुढच्या महिन्यात कोण येईल?"

"नखं काय महिनाभर थांबतात?" मी म्हणालो. "पुढच्या शनिवारी येतो."

रत्नाही येणार आहे म्हणते. सकाळपासून तिनं तांदूळ आणि उडीद भिजत घातलेत; पीठ फुगतं का, ते आधी घरी बघते म्हणाली.

पाळकसाहेबांनी आज निरोप दिला, येत्या रविवारी आणखी एक बाप्तिस्मा आहे. तुझा तांब्या आणि टॉवेल मी घरी आणून ठेवला आहे. पाणी मी आणीन. कोपर लावून बघायचं, तेही माहीत आहे. तुझ्यावरचा राग मात्र आहे तिथंच आहे, तो मी कुणासाठी खोटा खोटा काढून टाकणार नाही. अभिला अजून मी ते 'होय' म्हटलेलं नाही. पुढच्या शनिवारी म्हणेन की त्याच्या पुढच्या, मला ठाऊक नाही. एवढंच कळलंय, की आता माझ्या वतीनं म्हणणारं कुणी राहिलेलं नाही.

तुझा,
शमू